जमिनीकडची काच

तिकीट तीन युरो. दोसिंदाबाई ते फाडून देते,
मग जिन्याच्या दाराला खांदा लावते.
खाऱ्या हवेनं फुगलेलं दार, दोन धक्क्यांशिवाय उघडत नाही.
"एकशे त्रेचाळीस पायऱ्या," ती म्हणते,
"मोजू नका. मोजल्या की वाढतात."

मी मोजते. एकशे एकेचाळीस भरतात.

गालिसियाच्या या टोकाला वारा बोलू देत नाही,
म्हणून माणसं कानाशी येऊन बोलतात.
तिच्या स्वेटरला रॉकेलचा वास येतो,
रॉकेल इथून जाऊन चाळीस वर्षं झाली तरी.

वर भिंग. माणसाहून उंच,
उभ्या चिरलेल्या कांद्यासारखं, थरावर थर.
दिवसा त्याच्याभोवती पडदे ओढलेले,
नाहीतर सूर्य उलटा आत शिरतो
आणि टेकडीवरची झुडपं पेटवतो.
रात्री वाट दाखवणारा, दिवसा आगलाव्या.
बापानं तिला सहाव्या वर्षीच शिकवलं होतं:
आधी पडदे, मग कॉफी.

"आणि ही जमिनीकडची काच."
तीन तावदानं काळ्या रंगानं लिंपलेली.
गावाला झोप हवी, उजेड समुद्राचा.
आमच्याकडे म्हणतात, दिव्याखाली अंधार,
मी मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगू बघते.
"खाली नव्हे हो," ती म्हणते. "मागे."

मग नखानं दाखवते, मधल्या तावदानात,
अगदी कोपऱ्याला,
मसुरीएवढा ओरखडा.

तिची आई ओबदूलिया. मावशी रेमेदिओस, खाडीपलीकडे.
मावशीचा नवरा ज्या रात्री बोटीसकट गेला
त्या रात्री दिवा लागलेला होता. वहीत नोंद आहे:
वारा नैऋत्य, दृष्टी चांगली, दिवा चालू.
तेच मावशीला सोसलं नाही.
विझला असता तर भांडता तरी आलं असतं.
नऊ वर्षं ती दीपगृहाच्या माणसांशी बोलली नाही.
बाजारात बहीण दिसली
की डोक्यावरची टोपली न हलवता रस्ता बदलायची.

एका हिवाळ्यात आईनं केसातला आकडा काढला
आणि काळा रंग खरवडला.
अंदाजानं. जिना उतरून, खाडीकडे बघून,
पुन्हा चढून, पुन्हा थोडं डावीकडे.
दोसिंदा तेव्हा पोटात.
शेवटी उजेडाचा एक ठिपका
दर पंधरा सेकंदांनी
बहिणीच्या चुलीमागच्या भिंतीवरून सरकू लागला.

तीन आठवड्यांनी कोळणीबरोबर निरोप आला:
"तुमच्या त्या उजेडाला सांगा, मला झोप लागत नाही."
नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य.
आई पायरीवर बसून हसली म्हणे, मग रडली,
ओरखडा मात्र बुजवला नाही.

वसंतात निरीक्षक आला. पांढरे हातमोजे.
त्यानं रंग मागवला, स्वतः उभं राहून ब्रश फिरवून घेतला.
त्या रात्री खाडीपलीकडची भिंत कोरी राहिली.
दुसऱ्या दिवशी मावशी टेकडी चढून आली,
धापा टाकत, पिठाचे हात तसेच,
आणि दारात उभी राहून एवढंच म्हणाली:
"कोण आजारी आहे?"

पुढचं दोसिंदाबाई सांगत नाही.
बहुतेक कोबीचं सूप झालं असेल, बहुतेक थोडं भांडण.
रंगाचे सात थर आहेत, ती म्हणते,
निरीक्षकागणिक एक,
आणि सातांतून आरपार तोच ओरखडा.

मी डोळा लावते.
मसुरीएवढ्या जगात एक कौलारू छप्पर,
वाळत घातलेली कुणाची तरी निळी चादर,
शेजारच्या दारावर "विकणे आहे"चा फलक.

दिवा आता आपला आपण लागतो.
उतरताना पुन्हा मोजते: एकशे त्रेचाळीस.
चढताना दोन कुठे गेल्या होत्या
विचारावं, तर दोसिंदाबाई दाराला खांदा लावून उभी,
समुद्राकडे पाठ,
ओठ हलताहेत. तेरा, चौदा.
भर दुपारी. पंधरा.